वाचले ते पाळायचे कधी?

मराठी ख्रिस्ती घरात रात्रीच्या प्रार्थनेला शास्त्रातला एखादा उतारा वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काही आचरणात आणू पाहायचे, ही शिस्त आज अंगवळणी पडलेली आहे. तिला घडायला मात्र चारशे वर्षे लागली, आणि तिचे भाग एका वेळी हाती आले नाहीत. आधी ऐकणे आले, पुष्कळ उशिराने वाचणे आले, आणि पाळणे दरखेपेला मागून, अडखळत आले. त्या अडखळण्याचा माग आपण काढू.

सुरुवात गोव्यातल्या सासष्टीत करावी लागते. तिथे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेच्या दडपणाखाली गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. स्नानसंस्कार आधी झाला, समजूत मागाहून यायची होती. देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्या वाचण्यावर बंदी होती. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षे याच माणसांत राहिला. त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग वाचायला-ऐकायला दुसरे काही का देत नाही? हा प्रश्न खरोखर कोणी विचारला की कवीने रचला, हे महत्त्वाचे नाही. पोकळी खरी होती. १६१६ साली रायतूर येथे छापलेला हा ग्रंथ त्या प्रश्नाचे उत्तर आहे. लिपी रोमन, भाषा कोकणीची झाक असलेली मराठी, छंद ओवीचा, आणि ओव्या जवळजवळ अकरा हजार. उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यात आहे. हे बायबलचे भाषांतर नव्हे. तेवढी मुभा त्या काळच्या कॅथलिक शिस्तीत सहजी मिळणारीही नव्हती. चर्चमध्ये जमलेल्या लोकांनी बसून ऐकावे, असे हे पुराण आहे. ओवीबद्ध पुराणे ऐकलेल्या कानांना ही चाल ओळखीची वाटली असणार. जुन्या सवयीला नवा आशय देण्याचे हे काम सक्तीच्या कुठल्याही फर्मानापेक्षा खोल गेले, असे मला वाटते.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, आणि ज्या भाषेत श्रद्धा रुजू लागली होती तीच परकी ठरवली गेली. पुराणाच्या सतराव्या शतकातल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ते तगले हस्तलिखितांत. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या कुटुंबांनी ते मंगळूरच्या किनाऱ्यावर नेले, आणि १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी तिथेच ते पुन्हा छापले.

वाचण्याचा अध्याय अगदी वेगळ्या दिशेने उघडतो. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठीचा अभ्यास केला, १८०५ मध्ये व्याकरण छापले आणि १८११ मध्ये नवा करार काढला. तो मोडीत होता. कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि सावकाराच्या वहीत चालणाऱ्या लिपीत शुभवर्तमान छापणे ही गोष्ट आज चमत्कारिक वाटते, पण कॅरीचा हिशेब साधा होता: जी लिपी व्यवहारात जास्त लोक वाचतात ती घ्यावी. हिशेब फारसा जमला नाही. बंगालात बसून केलेली मराठी देशावरच्या वाचकाला आपली वाटेना. १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना हे काम जवळजवळ नव्याने करावे लागले. त्यांच्यातला गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने गेला, आणि त्याच वर्षी मराठी नवा करार मुंबईत छापून झाला. संपूर्ण बायबल एका ग्रंथात यायला १८४७ उजाडले. दरम्यान मिशनच्या शाळा निघाल्या होत्या, १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक सुरू झाले होते, आणि शास्त्र आता एकट्याने, दार लावून, कोणाला न सांगता वाचता येऊ लागले.

याच एकांतातून आपल्या मागोव्यातला सगळ्यात गुंतागुंतीचा प्रश्न उभा राहिला. सासष्टीत आज्ञा आधी आणि समजूत मागून आली होती. मुंबई-बेळगावात समजूत आधी आली आणि आज्ञापालन लांबत गेले. १८३१ मध्ये बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी शास्त्र मिशनच्या शाळांत वाचले आणि त्यांना ते पटलेही. पण पटल्यावर करायचे काय? मुंबईत ते परमहंस सभेत जात. जातिभेद न मानणारी मंडळी तिथे गुप्तपणे जमत आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव एकत्र खात. बाहेर पडले की प्रत्येक जण पुन्हा आपल्या जातीत. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात पदमनजींनी ही दुहेरी अवस्था मोकळेपणाने लिहिली आहे. १८५४ मध्ये त्यांनी उघड स्नानसंस्कार घेतला, आणि तीनच वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखाला कथेत आणले. शास्त्र पाळणे म्हणजे केवळ उपासनेला जाणे नव्हे, हे या पुस्तकातून दिसते.

नारायण वामन टिळकांचा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असतो, तरी तो जवळून पाहण्यासारखा आहे. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यातल्या युरोपीय सहप्रवाशाशी संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या आणि उतरताना त्याने नवा करार हाती ठेवला. टिळकांनी तो वाचण्याचे वचन दिले आणि त्यातल्या ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले. पुढची दीड-दोन वर्षे मला आगगाडीपेक्षा महत्त्वाची वाटतात. नाव लपवून ते ‘ज्ञानोदया’च्या संपादकांशी पत्रव्यवहार करत राहिले, पटलेले होते, पाऊल मात्र उचलत नव्हते. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत स्नानसंस्कार झाला तेव्हा घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर परतल्या. परत आल्यावरही सोवळेओवळे, पाण्याचा विटाळ सुटला नव्हता, हे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःवरच हसत सांगितले आहे. भेद माणसाने केले, देवाने नव्हे, हे एका क्षणी लख्ख उमगले आणि मग कोणाच्याही हातचे खाण्याचा संकोच उरला नाही. १९०० मध्ये त्यांनी स्वतः स्नानसंस्कार घेतला. नवऱ्यामागे धर्मात जाणे आणि शास्त्र स्वतः मानणे यांतले अंतर इतक्या प्रांजळपणे मराठीत फारच थोड्यांनी लिहिले असेल. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र स्टीफन्सनंतर तीन शतकांनी पुन्हा मराठीत आले, आणि त्याचा मोठा भाग एका बाईने रचला.

पंडिता रमाबाईंची वाट आणखी उलटी. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी स्नानसंस्कार घेतला आणि लगोलग तिथल्या मठातल्या भगिनींशी त्यांचा वाद जुंपला. सिस्टर जेराल्डिनशी झालेला पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. आज्ञा कोणाची पाळायची, धर्मगुरूची की शास्त्राची, हा त्यातला मुद्दा, आणि रमाबाई शास्त्राच्या बाजूने हटल्या नाहीत. पुढे १९०७ च्या साक्षीत त्यांनी लिहिले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र नंतर भेटला. तो भेटला तेव्हा स्नानसंस्काराला आठेक वर्षे उलटून गेली होती. दुष्काळात केडगावच्या आपल्या मुक्तिसदन आश्रमात आणलेल्या मुली-बायकांना कळेल असे शास्त्र हवे, म्हणून त्या उतारवयाकडे झुकल्या असताना हिब्रू आणि ग्रीकच्या अभ्यासाला बसल्या. मुक्तिसदनाच्या छापखान्यात खिळे जुळवणे, छापणे, बांधणी ही कामे आश्रमातल्या बायका करत. भाषांतर पुरे होते न होते तोच ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. १९२४ मध्ये संपूर्ण बायबल बाहेर आले. ज्यांना बाराखडी येत नव्हती त्याच हातांनी शास्त्राचे शब्द शिशात जुळवले, अशी उदाहरणे जगात थोडी असतील.

कॅथलिकांकडे शास्त्र घरी वाचण्याची चाल खरी रुजली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. १९६५ च्या नोव्हेंबरात परिषदेने शास्त्र सर्व श्रद्धावंतांच्या हाती जावे असे सांगितले. मिस्सा लोकभाषेत होऊ लागली आणि वसईच्या चर्चांत मराठी वाचनपाठ घुमू लागले. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ केले आणि २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्यांना मिळाला. पण वसईकरांना ते आधी ठाऊक होते ‘हरित वसई संरक्षण समिती’मुळे. बांधकामवाले आणि टँकरवाले विहिरी उपसत असताना, बागायती मोडत असताना हे धर्मगुरू धमक्यांना न जुमानता मोर्च्यात उतरले, तेव्हा देवळाबाहेर पाद्र्याचे काय काम, असे विचारणारे बाहेर होते तसे चर्चमध्येही होते.