धुराची वाट

राजांच्या मोहिमांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला; पण स्वयंपाकघरांतील धूर कोणत्या वाटेनें बाहेर गेला, हें लिहून ठेवावें असें फारसें कोणास वाटलें नाहीं. वस्तुतः घरांतील कोणाच्या डोळ्यांस किती किंमत दिली गेली, हें त्या वाटेवरूनच नेमकें कळतें. पुणे जिल्ह्यांतील शिरूर व दौंड या शेजारच्या तालुक्यांपुरता हा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत तेथें उत्खनन करून इ. स. पूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांची वस्ती उजेडांत आणिली. कुडाच्या भिंती, गवताचीं छपरें आणि जमिनींत विस्तवाचे खळगे, असें त्या घरांचें स्वरूप होतें. खळगा टिकतो, राख टिकते; धुराची वाट मात्र मातींत उमटत नाहीं.

पुढें देशावर माळवदाचीं घरें झालीं. पांढऱ्या मातीचें हें छप्पर उन्हाळ्यांत थंड खरें, परंतु धूर कोंडून धरणारें. म्हणून त्यांत साणें ठेवीत. धुरास वर जावयास आणि उजेडास खालीं यावयास तें एकच भोक. पाऊस आला कीं तेंही झांकावें लागे. म्हणजे सरपण ओलें आणि धूर दाट, नेमक्या त्याच दिवसांत वाट बंद!

आमच्या लोकांस धुराड्याची विद्याच नव्हती, असें मात्र कोणी समजूं नये. १८५८ पासून आगगाडी दौंडावरून धांवूं लागली आणि १८७८ त तेथून मनमाडचा मार्ग खुला झाला. इंजिनाचें धुराडें तेव्हांपासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होतें. दौंडकडील गुऱ्हाळांत चुलाणांत चिपाड जळतें, आणि काहिलीखालची ज्वाळा उंच धुराडें पलीकडे ओढून घेतें. फार काय, घरोघरीं न्हाणीघराजवळ ठेवलेल्या तांब्याच्या बंबासही मधोमध नळी असे. गुळास धुराडें मिळालें, आंघोळीच्या पाण्यास नळी मिळाली. भाकरी थापणारीस मात्र फुंकणीच! जेथें धुराड्यानें सरपण वांचे, तेथें तें झालें. जेथें केवळ बाईचे डोळे आणि छाती वांचावयाची, तेथें तें राहून गेलें.

हा अन्याय दूर करण्याचे यत्न झाले नाहींत असें नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींतील मगन चूल प्रसिद्ध आहे. १९५३ त हैदराबादेस एस. पी. राजू यांनीं निर्धूर चुलीचा पुरस्कार केला. १९८३ पासून सरकारनेंही सुधारलेल्या चुलींची मोहीम चालविली आणि २००२ त ती थांबली. अशा चुलींचें पुष्कळ ठिकाणीं जें अडलें, तें चुलीपाशीं नव्हे, तर भिंतीपाशीं आणि छपरापाशीं. पहारीनें भोक पाडून नळी खुपसली, भोंवतालची फट तशीच राहिली, पाऊस आंत आला. वर्षभरांत काजळीनें नळी तुंबली आणि धूर पुन्हा घरांत शिरला. मग घरच्यांनीं नळीच काढून टाकिली, यांत नवल तें काय?

काम अवघड नव्हे, पण निगुतीचें आहे. नळी वळचणीच्या वर न्यावी, माथ्यावर पावसाची टोपी बसवावी, आणि काजळी काढण्यास हात जाईल अशी सोय ठेवावी. भिंत कुडाची वा फळ्यांची असेल, तर भोक नळीहून बरेंच मोठें करून मध्यें पत्र्याची चौकट घालावी, म्हणजे तापलेली नळी लांकडास भिडत नाहीं. बाहेरून मात्र फट राहूं देऊं नये. ऊसतोडणीस येणाऱ्या मजुरांच्या पाचटाच्या कोपींत हें साधणें कठिण; म्हणून तेथें चूल उघड्यावर मांडणेंच शहाणपणाचें ठरतें.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस खेडोपाडीं पोंचला. तरी सिलिंडरचा खर्च झेपेना कीं चूल पुन्हा पेटते. जोंपर्यंत ती पेटते आहे, तोंपर्यंत धुरास वाट करून देणें हें घर बांधणाऱ्याचें काम आहे. डोळे पुसणें हें स्वयंपाक करणारीचें काम नव्हे.