राजवाड्याच्या बागेतली मशीद

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात श्वेट्झिंगन नावाचे एक लहानसे शहर आहे. हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावापासून ते दहाएक किलोमीटरवर. तेथे एक राजवाडा आहे, राजवाड्यामागे विस्तीर्ण बाग आहे आणि त्या बागेच्या एका टोकाला मशीद आहे. घुमट आहे, दोन उंच मिनार आहेत, खांबांच्या ओळींनी वेढलेले अंगण आहे, भिंतींवर अरबी अक्षरे आहेत. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ ही इमारत उभी आहे. पण ती नमाजसाठी बांधलेलीच नाही. ज्या राजाने ती बांधवली तो ख्रिस्ती होता आणि त्या गावात अजान ऐकून धावत येणारा कोणी नव्हता.

या मशिदीची माहिती आम्हाला पुस्तकातून झाली नाही, आमच्याच एका विद्यार्थिनीमुळे झाली. करी रोडच्या एका चाळीत वाढलेली, उर्दू माध्यमातून दहावी झालेली ही मुलगी. पुढे डिप्लोमा, मग डिग्री आणि आता जर्मनीत उच्च शिक्षण. सुट्टीच्या एका दिवशी ती एकटीच श्वेट्झिंगनचा राजवाडा पाहायला गेली. संध्याकाळी तिने फोटो पाठवले आणि सोबत विचारले, "टीचर, इथे मशीद आहे, पण वजूची जागा नाही, चपला काढायची जागा नाही. तिकीट काढून आत जायचं. मग ही मशीद कुणाची?" प्रश्न साधा होता. उत्तर शोधता शोधता आम्हाला बरेच वाचावे लागले. त्यातले काही वाचकांपुढे ठेवतो.

अठराव्या शतकात जर्मनी हा एक देश नव्हता. आपल्याकडे जशी संस्थाने होती, तशी तेथे लहानमोठी राज्ये होती. त्यांतल्या काही मोजक्या संस्थानिकांना पवित्र रोमन सम्राट निवडण्याचा हक्क होता. त्यांना इलेक्टर म्हणत. असाच एक इलेक्टर कार्ल थिओडोर. त्याची राजधानी मानहाइम आणि उन्हाळ्यात राहण्याचा वाडा श्वेट्झिंगन. माणूस कलांचा शौकीन. फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेर त्याचा पाहुणा झाला होता. १७६३ च्या उन्हाळ्यात सात वर्षांच्या मोझार्टने याच वाड्यात आपली कला दाखवली होती. बागेत अपोलोचे मंदिर, मिनर्व्हाचे मंदिर, मुद्दाम पडके बांधलेले मर्क्युरीचे मंदिर, असा सगळा थाट. निकोला द पिगाज या वास्तुशिल्पीने त्यात १७७९ च्या सुमारास मशिदीचे काम हाती घेतले आणि मिनार पुरे होईपर्यंत १७९० चे दशक उजाडले. गंमत अशी की, वारशाने बव्हेरियाचे राज्य मिळाल्यामुळे कार्ल थिओडोर १७७८ मध्ये आपला दरबार घेऊन म्युनिकला निघून गेला होता. म्हणजे मशीद उभी राहत होती तेव्हा मालक गावात नव्हता आणि नमाजी तर नव्हतेच.

मग बांधली कशासाठी? तो काळच तसा होता. १६८३ मध्ये तुर्की फौजा व्हिएन्नाच्या वेशीवरून परतल्या, त्यानंतर हळूहळू युरोपच्या मनातली तुर्कांची भीती ओसरत गेली. भीती गेली की कुतूहल येते आणि कुतूहल श्रीमंतांच्या हाती पडले की त्याची फॅशन होते. कॉफी तुर्की, पोशाख तुर्की, संगीत तुर्की. मोझार्टने १७८२ मध्ये तुर्की जनानखान्यावर आधारलेला ऑपेरा व्हिएन्नात सादर केला. लंडनजवळच्या क्यू बागेतही विल्यम चेंबर्सने एक शोभेची मशीद बांधली होती. तेथला त्याचा पॅगोडा आजही आहे, मशीद मात्र केव्हाच नाहीशी झाली. श्वेट्झिंगनची तेवढी टिकली.

याला निव्वळ हौस म्हणून सोडून देणेही बरोबर होणार नाही. ज्या १७७९ साली हे काम सुरू होत होते, त्याच साली लेसिंग या जर्मन लेखकाचे 'नाथान द शहाणा' हे नाटक प्रसिद्ध झाले. जेरुसलेममध्ये घडणाऱ्या या नाटकात एक ज्यू व्यापारी, एक ख्रिस्ती सरदार आणि सुलतान सलाहुद्दीन समोरासमोर येतात आणि कोणता धर्म खरा या प्रश्नावर तीन अंगठ्यांची गोष्ट सांगितली जाते. दुसऱ्याच्या धर्मातही शहाणपण असू शकते, हा विचार तेव्हा युरोपात मूळ धरू लागला होता. श्वेट्झिंगनच्या भिंतींवर अरबीत सुविचार कोरले आहेत आणि त्यांचा जर्मन अर्थही दिला आहे. म्हणजे बांधणाऱ्याला केवळ नक्षी नको होती, पूर्वेकडचे शहाणपणही हवे होते.

पण येथेच आमच्यातला शिक्षक जागा होतो. त्या अरबी मजकुरात चुका आहेत. अक्षर ओळखू न येणाऱ्या कारागिराने नमुना पाहून रेघा गिरवल्या, तर दुसरे काय होणार? आमच्या वर्गात एखादा मुलगा फळ्यावरचे न समजता वहीत उतरवतो, तेव्हा त्याचे नुक्ते असेच कुठल्या कुठे जातात. मुलाची चूक आम्ही लाल शाईने दुरुस्त करतो. राजाची चूक सोन्याच्या अक्षरांत कायम राहते. सन्मान करायची इच्छा होती, पैसाही होता, पण ज्याचा सन्मान करायचा त्याला बोलावून, "बाबा रे, हे बरोबर लिहिले आहे का?" असे विचारायचे मात्र राहून गेले.

पुढे इतिहासाने वेगळेच वळण घेतले. १८७०-७१ मध्ये फ्रान्स आणि जर्मन राज्यांत युद्ध झाले. फ्रान्सच्या सैन्यात उत्तर आफ्रिकेतून भरती केलेले मुसलमान शिपाई होते. त्यांतले काही कैदी आणि जखमी या भागात आणले गेले आणि त्यांनी श्वेट्झिंगनच्या मशिदीत नमाज पढली, असे सांगितले जाते. शोभेची म्हणून उभी केलेली इमारत परक्या मुलखात पडलेल्या, हरलेल्या, घरापासून तुटलेल्या माणसांनी काही काळापुरती खरी मशीद केली. राजाला जे जमले नाही ते कैद्यांना जमले. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हेच. मशीद तिची, जो तेथे सजदा करतो.

पहिल्या महायुद्धात जर्मनीने बर्लिनजवळ व्युन्सडोर्फ येथे मुसलमान युद्धकैद्यांसाठी लाकडी मशीद बांधली. १९१५ साली ती खुली झाली. त्या छावणीत ब्रिटिश फौजेतले हिंदी शिपाईही होते. कैद्यांना इंग्रज-फ्रेंचांविरुद्ध उभे करायचे, हा त्यामागचा राजकीय हेतू होता. पण हेतू राजकारण्यांचा. तेथे हात उचलून दुआ मागणाऱ्यांच्या मनात आपले घर, आपले शेत, आपली मुले असणार. युद्ध संपले, गरज संपली आणि काही वर्षांनी ती मशीदही पाडली गेली. शोभेची उरली, वापरातली गेली. इतिहास कधी कधी असा उलटा चालतो.

आता हायडेलबर्गकडे वळू, कारण या गावाशी उर्दूचा आणि मुंबईचाही संबंध आहे. जर्मन महाकवी गटे फारसी कवी हाफिजच्या प्रेमात पडला आणि १८१९ मध्ये त्याने 'पश्चिम-पूर्व दिवान' प्रसिद्ध केला. त्यातल्या काही कवितांना हायडेलबर्गच्या पडक्या किल्ल्याच्या बागेची पार्श्वभूमी आहे. बरोबर त्याच गावात १९०७ साली इक्बाल जर्मन शिकायला आले. नेकर नदीच्या काठी राहिले आणि त्याच वर्षी म्युनिकच्या विद्यापीठातून डॉक्टर झाले. पुढे १९२३ मध्ये 'पयामे मशरिक' लिहून त्यांनी गटेच्या दिवानाला पूर्वेकडून उत्तर दिले. आज त्या नदीकाठाच्या एका भागाला इक्बालचे नाव आहे. भिंतीवर चुकीची अक्षरे कोरणाऱ्या काळापासून ते एका पूर्वेकडच्या विद्यार्थ्याने त्यांच्या भाषेत शिकून त्यांच्या महाकवीशी बरोबरीने बोलण्यापर्यंतचा हा प्रवास आहे.

आणि १९०७ च्या त्याच ऑगस्टमध्ये हायडेलबर्गला मुंबईची एक मुसलमान विद्यार्थिनी येऊन गेली. तिचे नाव अतिया फैजी. जन्म १८७७, इस्तंबूलचा, कारण वडिलांचा व्यापार तिकडे होता. घराणे तय्यबजींच्या गोतावळ्यातले. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविणारे बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. अतियाची बहीण नाजली ही आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम. म्हणजे राजवाडा अतियाला नवा नव्हता. तरीही १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती घेऊन ती लंडनला गेली ती राजवाडे पाहायला नव्हे, तर शिक्षिका होण्यासाठी. मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात तिने नाव घातले. आजच्या भाषेत सांगायचे तर, वाचकहो, आम्ही जे बी.एड. केले ते करायला ही बाई शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सातासमुद्रापार गेली होती. तब्येत साथ देईना म्हणून ते शिक्षण अर्धवट राहिले. पण तेथून तिने उर्दूत लिहून पाठवलेली रोजनिशी लाहोरच्या 'तहजीबे निस्वां' या स्त्रियांच्या नियतकालिकात छापून आली आणि पुढे 'जमाना-ए-तहसील' या नावाने १९२१ मध्ये पुस्तकरूपात निघाली.

तहसील म्हणजे मिळवणे, विद्या संपादन करणे. नावातच सगळे आले. परदेशी गेलेल्या नवाबांनी आणि बेगमांनीही प्रवासवर्णने लिहिली, पण ती पाहुण्यांची. मेजवानी कोणी दिली, शेजारी कोण बसले, नजराणा काय मिळाला. अतियाची नोंद विद्यार्थिनीची. वर्ग, व्याख्याने, संग्रहालये, शाळा. घरी पडद्याआड बसून ते वाचणाऱ्या किती मुलींच्या डोळ्यांपुढे एक नवी दुनिया उभी राहिली असेल! मराठी वाचकांना आनंदीबाई जोशी ठाऊक आहेत. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्यावर मराठीत पुस्तके आहेत, नाटक आहे, चित्रपट आहे आणि ते योग्यच आहे. अतिया मात्र आमच्या उर्दू शाळांतल्या मुलींनाही ठाऊक नाही. फाळणीनंतर ती कराचीला गेली, १९६७ मध्ये तेथेच वारली. म्हणून आपण तिला परकी मानले की काय? मुंबईने घडवलेली मुलगी मुंबईचीच.

हायडेलबर्गच्या मुक्कामात अतियाच्या सोबत मंडळी असत. इक्बाल असत, त्यांच्या जर्मन शिक्षिका असत. आमची विद्यार्थिनी एकटी गेली. तिच्या अब्बांनी आम्हाला विचारले होते, "एवढ्या लांब एकटी पोरगी हिंडते, हे ठीक आहे का?" बापाची काळजी आम्हाला समजते. आम्ही एवढेच म्हणालो, "भाई, ती हिंडत नाही, शिकते आहे. चार जणींबरोबर गेली असती तर फोटो काढून परत आली असती. एकटी होती म्हणून भिंतीवरची अक्षरे वाचत थांबली." खरोखरच, त्या मजकुरातल्या दोन चुका तिने स्वतः शोधल्या होत्या. लहानपणी मदरशात उस्तादांनी हिज्जे घोटून घेतले होते, ते तेथे कामी आले. त्या दिवशी बागेत आलेल्या पर्यटकांत किती जणांना ते वाचता आले असेल?

राजवाडा पाहायला जर्मनीलाच जावे लागते असेही नाही. करी रोड स्टेशनापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, परळला आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे. ती इमारत म्हणजे मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरांचा जुना वाडा. त्याआधी तेथे जेझुइट पाद्र्यांचा मठ होता. १८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज मुंबईला आला तेव्हा याच वाड्यात उतरला होता. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी याच वाड्यात कॉलऱ्याने वारली आणि त्यानंतर गव्हर्नरांनी आपला मुक्काम मलबार हिलला हलवला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये लस तयार केली, तेव्हा लोक तिला घाबरत होते. आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली इमारतही दिली. १८९९ मध्ये ती प्रयोगशाळा परळच्या वाड्यात आली, १९२५ पासून तिला हाफकिन यांचे नाव आहे. जेथे मेजवान्या झडत होत्या तेथे गिरणगावातल्या गरिबांचे जीव वाचवणारी औषधे तयार झाली. कैद्यांच्या नमाजीने श्वेट्झिंगनला जे झाले, तेच येथे लसीने झाले. इमारतीला अर्थ येतो तो तिच्या वापराने.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आहे. शोभेची मशीद फक्त जर्मनीतच असते असे नाही. शाळा-शाळांच्या संमेलनात 'विविधतेत एकता' असा देखावा असतो. एक मुलगा फेटा बांधतो, एक पगडी, एकाच्या गळ्यात क्रॉस आणि एकाच्या डोक्यावर जाळीची टोपी. टाळ्या पडतात. अशा एका कार्यक्रमात आमच्या विद्यार्थ्याला बोलावले होते, ते टोपी घालून उभे राहण्यासाठी. त्याला मराठीत भाषण करायचे होते, त्याने ते पाठही केले होते. आयोजक म्हणाले, "भाषणाला वेळ नाही, फक्त उभा राहा." घालण्यासाठी टोपी हवी, पण टोपीखालचे डोके काय म्हणते ते ऐकायला वेळ नाही. हेतू वाईट नव्हता, कार्ल थिओडोरचाही नव्हता.

अर्थात दोष केवळ दुसऱ्याला देऊन भागत नाही. आपणही कुठे दुसऱ्याची अक्षरे नीट शिकतो? शेजारच्या वारकऱ्याचा अभंग, समोरच्या बुद्धविहारातली वंदना आपल्याला किती कळते? आम्ही उर्दू शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. दोन्ही लिप्यांत आमच्या चुका होतात, लोक दुरुस्त करतात, आम्ही सुधारतो. एकत्र राहण्याचा याहून सोपा मार्ग आम्हाला माहीत नाही. नमुना पाहून रेघा ओढू नयेत, ज्याची भाषा आहे त्याच्याजवळ बसून शिकावे.

म्हणून पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुलगी शिकायला दूर जाते म्हणाली तर तिला जाऊ द्या. सुट्टीच्या दिवशी एकटीने एखादा राजवाडा पाहू द्या. परत येताना ती दागिने आणणार नाही, एखादा प्रश्न आणेल. तो प्रश्न घरात सर्वांसमोर ठेवा आणि उत्तर शोधायला तिच्यासोबत बसा.