एकादशीच्या फराळाची पेटी

दिंडीच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायचं ठरलं तेव्हा मंडळी म्हणाली, फराळाच्या पेटीचं तेवढं तुम्ही लिहा. आमचं शिक्षण चौथी. औत आणि कीर्तन यापलीकडं आमची मजल नाही. चुकलंमाकलं पदरात घ्यावं.

माउलींचा पालखी सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी सुरू केला आणि दिंड्यांना शिस्त घालून दिली. त्याच शिस्तीत आपली दिंडी चालत आली. खर्च भिशीतून भागवायचा, वाटेत कुणापुढं हात पसरायचा नाही, ही वडीलधाऱ्यांची रीत. मग पेटी आली कुठून?

आमचे चुलते तात्या दिंडीचे विणेकरी होते. एका वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. पाऊल बारीक पडू लागलं, आवाज खाली गेला, तोंडावरचं हसू मावळलं. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं चोरून पितात. माळकरी माणसाला असं बोलणं! पण जेजुरीच्या मुक्कामी आम्हीच चारचौघांत बोलून गेलो, "तात्या, हात हलतोय, वीणा आमच्याकडं द्या." त्यांनी काही न बोलता वीणा आमच्या गळ्यात घातली आणि पाया पडले. आजही आठवलं की पोटात कालवतं.

पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा कंपवात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८१७ साली या दुखण्यावर लिहिलं, म्हणून त्याला पार्किन्सन म्हणतात. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य करणाऱ्या पेशी झिजतात, मग मनाचा हुकूम हातापायांना नीट पोचत नाही. आपल्या बांधावरच्या खाजकुहिलीच्या बियांत या औषधाचा अंश असतो, पण ती आपल्या मनानं खायची नाही. डॉक्टरांची गोळी ठरल्या वेळेलाच घ्यायची. गोळीनं रोग जात नाही, पण दिवस सोपा जातो. वेळ चुकली की अंग लाकडासारखं होतं.

दुसऱ्या वर्षी तात्या वारीला आले. पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांब टप्पा, त्यात दिवेघाट, आणि त्या दिवशी एकादशी. घाटात अभंग संपला, टाळ थांबले, तसे तात्यांचे पाय रस्त्याला चिकटले. पाऊल उचलेना. मृदंगावर थाप पडली आणि ते चालू लागले! पुढं दरवेळी तसंच. नंतर डॉक्टर म्हणाले, ठेका ऐकून या माणसांचे पाय चालतात, हे खरं आहे.

त्याच संध्याकाळी तात्यांच्या पिशवीत अर्ध्या मोडलेल्या गोळ्या सापडल्या. पीक गेलं होतं, म्हणून एक गोळी दोन वेळा पुरवत होते. तळावर वाद झाला. तरुण म्हणाले, वाटेत झोळी फिरवू. जुने म्हणाले, वारीचा बाजार मांडायचा नाही. दोघांचंही खरं होतं. तेव्हा तुळशीवाल्या आजी उठल्या. "मागायचं नाही ना? मग आपल्या ताटातलं काढा. आज माझा फराळ धरू नका, त्याचे पैसे तात्याच्या गोळीला द्या." बघता बघता निम्म्या दिंडीनं नुसतं पाणी पिऊन एकादशी धरली.

तात्या म्हणाले, "एकट्या माझ्यासाठी नको. गावात अजून माणसं थरथरत्यात." तेव्हापासून ही पेटी. साखरेचा आजार असलेल्यांनी आणि म्हाताऱ्यांनी फराळ सोडायचा नाही, हा नियम. हिशेब द्वादशीला पंढरपुरात सगळ्यांपुढं वाचायचा. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळं पायी वारी झाली नाही, तरी घरोघरच्या फराळाचे पैसे पेटीत आले.

तात्या आता नाहीत. जेजुरीत आम्ही बोललो त्याची माफी मागितली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "वीणा खाली ठेवू नको." वीणा आमच्या गळ्यात आहे. कंपवाताचा माणूस दिंडीत आला की त्याला मागं गाडीत बसवत नाही. झेपेल तेवढं मृदंगाजवळ चालवतो आणि गोळीची वेळ चोपदार सांभाळतात.

राम कृष्ण हरि.