गेलेल्याची नोंद

‘आपल्यातला एक जण मॉरिशसला गेला, तो गेलाच.’ कोकणातल्या काही मुस्लिम घरांत एवढीच गोष्ट उरलेली असते. त्याला शोधायचे तर आडनावापासून सुरुवात करू नका. १८३४ पासून करारबद्ध मजूर तिकडे जाऊ लागले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेलेही होते. कारकुनाने ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिले: नाव, बापाचे नाव, गाव, जिल्हा, जहाज. इब्राहिमचा इब्रामही झालेला असू शकतो. म्हणून बापाचे नाव आणि गाव जुळले, तरच माणूस आपला. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. तो सापडला की पुढचे कागद उलगडतात. ही दप्तरे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. १८६०च्या दशकापासून अनेकांचे फोटोही आहेत.

इकडच्या जुन्या जनगणनेचा मात्र उपयोग नाही. घरोघरच्या नोंदी जपल्याच गेल्या नाहीत, कोष्टके तेवढी छापली. रत्नागिरी जिल्ह्यात मुसलमान किती, हे कळते. त्यांत आपले पणजोबा कुठले, ते नाही. गावात राहिलेल्या भावाची उंची कुणी मोजली नाही. गेलेल्याची आहे, फुटा-इंचांत, अंगावरच्या व्रणासकट.