दिनविशेष, १८ एप्रिल : गंगाबाईंच्या नावाचा कारभार

पेशवे घराण्याचा वारस सवाई माधवराव १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्यांची पत्नी, म्हणजे माधवरावाची आई गंगाबाई, गरोदर होती. नारायणरावांचे काका रघुनाथराव यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजेच बारभाईंनी, तिला पुरंदरावर नेले आणि तिच्याच नावाने कारभार सुरू केला. कुणी म्हणेल, नाव गंगाबाईचे असले तरी सूत्रे नाना फडणीस आणि सखारामबापूंच्या हाती होती. ते खरेच, पण ते नाव नसते, तर बारभाईंचा कारभार निव्वळ बंड ठरला असता. चाळीस दिवसांच्या मुलाला पेशवाईची वस्त्रे मिळाली, कारण त्याच्या जन्माआधीपासून आईने तो हक्क जागता ठेवला होता. सहाव्या शतकात कोरियातील सिल्ला राज्यात राजमाता जिसोनेही अल्पवयीन जिनहुंगसाठी राज्य सांभाळले. तिथल्या इतिहासात तिची नोंद राजप्रतिनिधी म्हणून आहे. गंगाबाई १७७७ मध्ये वारली. त्याआधीच, १७७६ च्या पुरंदरच्या तहात, इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडण्याचे मान्य केले होते. पेशवाईच्या इतिहासात या राखणदारणीला तिचे स्थान मिळायलाच हवे.