गाथासप्तशतीतील ग्रामभूमी आणि तिचे रसग्राहक

महाराष्ट्राच्या भूमीचे सर्वांत जुने काव्यमय दर्शन गाथासप्तशतीत घडते, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की ते केव्हापासून रूढ झाले याचा विचार सहसा केला जात नाही. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातील संग्रह इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आकारास आला असावा. त्यात पुढेही भर पडत गेली, कारण निरनिराळ्या पाठपरंपरांना समान अशा गाथा सुमारे ४३० च भरतात. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी सातवाहनाच्या सुभाषितकोशाचा गौरव केला आहे. म्हणजे संग्रहाला रसिक फार लवकर लाभले. पण त्या रसिकांना गाथांतील शेत, नदी आणि रान यांत नेमके काय दिसत होते, हा प्रश्न स्वतंत्र आहे.

त्याचे उत्तर शोधण्यास पहिल्या शतकातील चौथी गाथा सोयीची आहे. कमळाच्या पानावर निश्चल बसलेली बगळी आणि पाचूच्या स्वच्छ पात्रात ठेवलेला शंख यांचे साम्य, एवढाच तिचा वाच्य विषय. अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाशाच्या दुसऱ्या उल्लासात ही गाथा उदाहरणादाखल घेतली. बगळी हलत नाही, अर्थात ती निर्भय आहे. ती निर्भय आहे, अर्थात तेथे माणसांचा वावर नाही. म्हणून हे संकेतस्थळ योग्य होय, असे बोलणारी सुचविते. मम्मट आणखी एक पर्याय देतो : तू येथे आलाच नव्हतास, खोटे बोलतोस, असा प्रियकरावर ठपकाही त्यातून निघू शकेल. विवेचन कुशाग्र आहे यात शंका नाही. मात्र त्यात पाणी, पान आणि पक्षी हे अनुमानाच्या पायऱ्या होऊन राहतात. पायरी ओलांडली की तिच्याकडे वळून पाहण्याचे कारण उरत नाही.

मम्मटापूर्वी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात प्रतीयमान अर्थाचे पहिले उदाहरण म्हणून जी गाथा निवडली (२.७५), ती तर गोदाकाठचीच आहे. तिथल्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने कुत्र्याला मारले, आता निर्धास्त फिर, असे एक स्त्री एका धार्मिकाला सांगते, आणि त्याने त्या बाजूस फिरकूही नये हा तिचा हेतू असतो. महिमभट्टाने व्यक्तिविवेकात या गाथेवरूनच वाद घातला : हा अर्थ ध्वनीने नव्हे, अनुमानाने कळतो. ज्या वादावर काश्मीरच्या साहित्यशास्त्राची इमारत उभी राहिली, त्याच्या पायाशी गोदावरीची झाडी आहे. गंमत अशी की वाद घालणाऱ्या या काश्मिरी पंडितांपैकी कोणालाही त्या झाडीविषयी काही म्हणावयाचे नव्हते.

गंगाधरभट्टासारख्या टीकाकारांनी हीच दृष्टी संपूर्ण संग्रहाला लावली. कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी बोलते हे प्रथम सांगावयाचे आणि मग गाथा उलगडावयाची, ही त्यांची रीत. तिचा परिणाम असा झाला की साध्या ऋतुवर्णनालाही एखादी दूती किंवा एखादी कुलटा वक्ता म्हणून जोडली गेली.

तथापि या टीकाकारांना सरसकट दोष देणे न्याय्य होणार नाही. पहिल्या शतकातील नववी गाथा पाहावी. साळीची शेते पांढुरकी होऊ लागली म्हणून रडणाऱ्या स्त्रीला सखी धीर देते, की हरताळाने तोंड रंगविलेल्या नटीसारखी तागाची वाडी आता सजली आहे. साळ पिकली म्हणजे कापली जाणार आणि आडोसा जाणार. ताग मात्र त्याच सुमारास पिवळ्या फुलांनी भरतो आणि पुरुषभर उंचीचा असतो. ही व्याख्या टीकाकारांचीच आहे आणि ती अचूक आहे. परंतु ती कळण्यासाठी कोणते पीक केव्हा निघते आणि कोणते केव्हा उभे असते याचे भान वाचकाला हवे. व्यंग्यार्थ येथे शिवारावर अवलंबून आहे. दुसऱ्या शतकातील पासष्टाव्या गाथेत कापसाच्या शेताच्या पहिल्या नांगरटीच्या दिवशी नांगराची मंगलपूजा करणाऱ्या स्त्रीचे हात थरथरतात. तिच्या मनात उद्याचे दाट, उंच कापसाचे शेत उभे आहे. नांगरटीपासून वाढलेल्या पिकापर्यंतचा काळ त्या थरथरीत सामावला आहे.

शेजारच्या तमिळ परंपरेत हा संबंध शास्त्रानेच मान्य केला होता. तोल्काप्पियमने डोंगर, रान, शेतजमीन, समुद्रकिनारा आणि कोरडा माळ अशा भूप्रकारांशी प्रेमाच्या एकेक अवस्थेची सांगड घातली. जॉर्ज हार्ट यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात तमिळ आणि महाराष्ट्री काव्यातील साम्य दाखविले. प्राकृताला मात्र असे भूमीचे व्याकरण कोणी लिहून दिले नाही, आणि त्याची उणीव संस्कृत अलंकारशास्त्राने आपल्या परीने भरून काढली.

दृष्टी पालटली ती मुद्रणानंतर. आल्ब्रेख्त वेबर यांनी १८७० आणि १८८१ मध्ये लायप्झिग येथून गाथा प्रसिद्ध केल्या त्या मुख्यतः भाषेच्या अभ्यासासाठी. मुंबईच्या काव्यमालेत १८८९ साली गंगाधराच्या टीकेसह आवृत्ती निघाली. स. आ. जोगळेकर यांच्या १९५६ च्या मराठी आवृत्तीत मात्र गोदा, रेवा, विंध्य, हालिक आणि ग्रामणी हे प्राचीन महाराष्ट्राच्या जीवनाचे साक्षीदार म्हणून पुढे आले. हा मोठा लाभ होता; त्याबरोबर एक धोकाही आला. हेर्मान टीकेन यांनी असे प्रतिपादिले आहे की या गाथा खेड्यात उपजलेल्या नसून ग्रामीण भोळेपणाची मौज पाहणाऱ्या नागर रसिकांच्या आहेत. तसे असल्यास गाथेला दस्तऐवज मानणारा इतिहासकार फसण्याचा संभव आहे.

टीकेन यांचा इशारा कवींच्या वर्गाविषयी ग्राह्य धरावा. पिकांविषयी तो पुरेसा नाही. खेडुतांची थट्टा करावयाची तरी साळ आधी निघते आणि ताग उभा राहतो हे कवीला ठाऊक असावे लागते, आणि ते ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे असा त्याचा भरवसा असावा लागतो. तो श्रोता प्रतिष्ठानच्या दरबारात बसलेला असो वा नसो, शिवारापासून फार दूरचा नव्हता. काश्मीरचा पंडित होता. म्हणूनच बगळीच्या गाथेत, जेथे पिकाच्या ज्ञानाची गरज नव्हती, तेथे तो सर्वाधिक रमला, आणि बगळी मात्र पानावर तशीच बसून राहिली.