शहराची सनद कोण लिहितं? इचलकरंजीच्या निमित्ताने

‘सनद’ हा शब्द इचलकरंजीला नवा नाही. घोरपड्यांची जहागीर सनदेवरच उभी होती. मूळचे जोशी असलेल्या नारो महादेवांनी घोरपडे हे आडनाव घेतलं, आणि पुढे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या अनुबाई या घराण्यात सून म्हणून आली. जहागिरीच्या सनदेत देणारा वर असतो आणि घेणारा खाली. आजचा प्रश्न असा, की शहराचा कारभार ज्या कायद्यावर चालतो, त्या सनदेचं काय? ती कोण देतं?

अमेरिकेत याचं एक उत्तर सापडतं. मिसुरी राज्याने 1875 च्या राज्यघटनेत मोठ्या शहरांना आपली सनद स्वतः लिहिण्याचा हक्क दिला. सेंट लुईसमध्ये तेरा नागरिकांचं मंडळ निवडलं गेलं, त्यांनी मसुदा केला आणि 1876 मध्ये मतदारांनी तो मंजूर केला. पुढे अनेक शहरांत हीच रीत पडली. नगर परिषद रोजचा कारभार बघते, सनद आयोग कारभाराची चौकट तपासतो आणि शेवटचा शब्द मतदारांचा असतो. दोघांची कामं वेगळी ठेवायचं कारण साधं आहे. ज्याच्या हातात अधिकार आहेत, त्यानेच त्या अधिकारांची मापं ठरवू नयेत.

आपल्याकडे वाट वेगळी पडली. मद्रासला 1687 मध्ये सनद मिळाली ती ईस्ट इंडिया कंपनीकडून. मुंबईत 1872 च्या कायद्याने 64 सभासदांची सभा आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. 1888 च्या कायद्यात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी विधिमंडळात बसून लक्ष घातलं. शहराची माणसं सनदेच्या मसुद्यापर्यंत पोचली, ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. पण कायदा सरकारचाच राहिला. सभा, स्थायी समिती आणि आयुक्त ही तेव्हाची त्रयी 1949 च्या महानगरपालिका कायद्यातही दिसते.

आता इचलकरंजीकडे या. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला. नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांच्या काळात कापडधंद्याने मूळ धरलं आणि गावाचं शहर झालं. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 2,87,353 भरली. एवढ्या शहराचा गाडा 1965 च्या नगरपरिषद कायद्यावर चालत होता.

या कायद्यात वरून किती बदल होतात बघा. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा, असं 2016 मध्ये ठरलं. 2020 मध्ये ते रद्द झालं, 2022 मध्ये परत आलं. त्याआधी 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि हक्काच्या उत्पन्नाच्या जागी सरकारी अनुदानाची वाट बघणं आलं. यातल्या एकाही बदलावर शहरात मतदान झालं नाही.

आणि सगळ्यात मोठा बदल 2022 चा. मे महिन्यात महानगरपालिकेचा मसुदा निघाला, हरकती-सूचना मागवल्या आणि जूनमध्ये अंतिम अधिसूचना आली. नगरपरिषदेची मुदत 2021 अखेरच संपली होती. म्हणजे शहराची सनद बदलली तेव्हा सभागृहात लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता. प्रशासक होते. महापालिकेची पहिली निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली.

‘नाव बदललं, बाकी काय?’ असं कुणी म्हणेल. बाकी पुष्कळ आहे. लोकांनी थेट निवडलेला नगराध्यक्ष गेला आणि नगरसेवकांनी निवडलेला महापौर आला. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे गेले, आणि आयुक्त नेमतं सरकार.

याची खरी परीक्षा नळावर होते. पंचगंगेचं प्रदूषण, 2012 मधली काविळीची साथ, मग वारणेच्या आणि दूधगंगेच्या योजना आणि त्यांना नदीकाठच्या गावांचा विरोध. त्या गावांचीही बाजू आहे, त्यांनाही शेती आहे. पण तहानलेल्या माणसाने दार ठोठवायचं कुणाचं? नगरसेवक आयुक्तांकडे बोट दाखवणार, आयुक्त मंत्रालयाकडे.

74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून राज्य निवडणूक आयोग आणि राज्य वित्त आयोग दिले. एक निवडणुका घेतो, दुसरा पैशांच्या वाटपाची शिफारस करतो. शहराची चौकट शहरवासीयांसोबत बसून तपासणारा तिसरा आयोग मात्र नाही. तो आणायला कायदा लागेल. पण हरकती-सूचनांची तीच मुदत प्रभागसभांत मसुदा वाचून, लोकांशी बोलून घालवायला नवा कायदा लागत नाही. पुढचा मसुदा निघेल तेव्हा एवढं तरी मागून घ्या.